पहिल्या हाकेला ओ

३ नोव्हेंबर, सोमवार
झाले बाप्पा रुजू! अकोल्याहून निघताना धाकधूक होती, पण नांदगाव पेठेतला हा कापड कारखाना झकास आहे. स्वतःचं टेबल, राहायला खोली, सोबतीला रंगखात्यातली चंदा. तेल्हाऱ्याची आहे. आल्या आल्या तिनं भाकर-ठेचा पुढे ठेवला. माझं काम एकच, कोणतं काम कोणाकडे आहे नि कुठवर आलंय हे सगळ्यांना मोबाइलवर दिसेल असं सॉफ्टवेअर निवडायचं. तीन वापरून बघायची, एक ठेवायचं.

६ नोव्हेंबर
डोकं फिरलं. पहिली दोन इथे चालेनात. काम आलं की 'स्वीकारलं' दाबायचं, एवढंच. पण कोणी दाबेल तर शपथ! पुन्हा पुन्हा पाठवावं तेव्हा कुठे दाबतात. सुपरवायझर देवमनभाऊंना झापलं. ते शांतपणे म्हणाले, पहिल्या हाकेले आमी ओ देत नसतो, मॅडम. कारखान्यामागची पाण्याची टाकी खोदली तेव्हापासून तिथून हाक येते. माणूस फिरून बोलावते, ते टाकीतलं एकदाच बोलावते. मला हसूच फुटलं.

१० नोव्हेंबर
तिसरं घेतलं. यात दाबायची भानगडच नाही, काम पाठवलं की त्या माणसाच्या नावावर आपोआप 'स्वीकारलं' पडतं. साहेब खूश. माझं नाव नको टाकू वो ताई, म्हणून चंदा मागे लागली होती. मी मुद्दाम तिचंच आधी टाकलं, चिडवायला.

१३ नोव्हेंबर
सुताच्या कांड्या भरणाऱ्या केशरबाई मागच्या टाकीत बुडून गेल्या. भरदुपारी, सगळ्यांदेखत चालत गेल्या. मोबाइलवर काम होतं, 'टाकीवर ये.' पाठवणाऱ्याचं नाव कोरं. खाली 'स्वीकारलं'.
कोणाचा चावटपणा असेल तर थोबाड फोडीन त्याचं.

१५ नोव्हेंबर
देवमनभाऊसुद्धा. चौघांनी धरले होते, तरी—
आपोआपचं बटण बंद केलं. परत चालू. नावं काढते, निघत नाहीत. चंदानं विचारलं, माझंबी हाय ना त्यात? काय तोंडानं सांगू.

१६ नोव्हेंबर, सकाळ
चंदालाही ते काम आलं. चहा गाळता गाळता उठली नि दाराकडे निघाली. रडतेय, पण पाय थांबत नाहीत. मले धर ताई, सोडू नको, म्हणतेय. ओढणीनं खाटेला बांधलं. तिचा मोबाइल फोडला. माझ्यापायी झालंय हे. हिला मरू देणार नाही, काही झालं तरी—

दुपार
पाय थांबले तिचे! पाणी प्याली. झोपली. वाचली गं माझी बाई—

माझा मोबाइल वाजला.
'चंदाला घेऊन ये.'
स्वीकारलं.

नाही. मी नाही जाणार. डाव्या हातानं लिहितेय. उजवा गाठ सोडतोय, माझं ऐकत नाही— चंदा जागी झाली— विचारतेय, ताई, काहून सोडून राहिली— चंदा, ओरड, कोणालातरी बोलाव, मला मार, पण माझ्यासोबत