साध्या पाण्याची बाटली

नाना, वहीतलं अक्षर तुमचंच आहे. काल आईनं चष्मा लावून दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "यांचंच गं. क्ष असाच वाकडा काढायचे." तुमच्या पश्चात देवासहून आणलेल्या ट्रंकेत, तुमच्या शाळेच्या कागदांखाली सापडली ती.

शाळेत मुलांना विज्ञान शिकवून तुम्ही घरी मला शिकवायचात. झाड माती खात नाही, म्हणायचात. पाण्यात विरघळलेले क्षार मुळांवरच्या केसांतून आत जातात आणि खोडातल्या बारीक नळ्यांतून पानापर्यंत चढतात. ते पडताळायला आपण दोन बाटल्यांत मक्याची रोपं ठेवली, एकीत क्षार घातलेलं पाणी, दुसरीत साधं. मी स्वयंपाकघरातल्या गोड्या पाण्याच्या हंड्याकडे वळले तर तुम्हीच ओरडलात, "लांबून आणलेलं पाणी रोपांना? परसातल्या विहिरीचं घे." प्रयोग जमला तर पुण्याला शिकायला पाठवीन, हा शब्दही तुमचाच.

दुसरं रोप पिवळं पडायला हवं होतं. पाहुणे प्रयोग बघायला जमलेत आणि दोन्ही रोपं सारखीच हिरवीगार. आत्या हसते, "अगोबाई, हिच्या उपाशी रोपानंच बाळसं धरलंय!" तुम्ही हसत नाही. सगळ्यांदेखत म्हणता, "हिनं चोरून क्षार घातले. खोटारडीला कशाला शिकवायचं?" मी रडत सांगते, बाटलीला हातसुद्धा लावला नाही. दारातून पाणक्या म्हणतो, "माट्साब, यो तो खारो कुवो हे. तमाखूवाला इको पाणी लई जाय." या खाऱ्या विहिरीचं पाणी तंबाखूच्या पिकाला नेतात, असं सांगणाऱ्या त्याला तुम्ही गप्प करता.

माघात माझं लग्न झालं, मी धारला आले. आणि तुमची वही सांगते की पौषातच तुम्ही पुन्हा बाटल्या भरल्या होत्या, या वेळी वाफ धरून जमवलेल्या पाण्यानं. साध्या पाण्यातलं रोप पिवळं पडलं. खाली एकच ओळ: "विहिरीच्या पाण्यातच क्षार होते." लग्नाला तेव्हा तीन आठवडे होते, नाना. बाटल्या फडताळामागे ठेवून तुम्ही माझ्यासमोर याद्या करत बसला होता. पाहुण्यांना नका सांगू, मला तरी सांगायचं होतं.

न शिकता जेवढं आलं तेवढं मी इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते. हा कागद तुमच्याच वहीत ठेवतेय. एक मात्र कबूल करते: हात लावला नाही म्हणाले, ते खोटं होतं. एकदा रोप उचलून मुळांचे ते पांढरे केस बोटानं कुरवाळले होते मी. उद्या वर्गात मुली बाटल्या भरतील. पाणी वाफेचंच आहे. पण एखादं रोप हिरवं राहिलंच, तर आधी पाणी तपासायचं ठरलंय, मग मुलींना विचारायचं.