खुर्च्या हॉलबाहेर

२२ एप्रिल, मंगळवार
डोकं फिरलंय. सूनबाईने, म्हणजे पंचशीलाने, मला न विचारता घरी फिजिओथेरपिस्ट बोलावली. संध्या नाव. माझं लाइनमनचं हेल्मेट तिच्यापेक्षा जुनं असेल. हातात चिमट्यासारखं मशीन दिलं, म्हणे दाबा. दाबलं. मशीन बिघडलेलं होतं. मग म्हणे हाताची घडी घाला आणि हात न टेकता खुर्चीवरून उठा. आमच्या खुर्च्या मुळातच बुटक्या, त्याला मी काय करू? निकाल काय, तर मी 'फ्रेल'. पंचशीलाला अर्थ विचारला, म्हणाली नाजूक.

नाजूक! मी काय काचेचं कपाट आहे? भर वादळात विजेच्या खांबांवर चढलेला माणूस मी. संध्या समजावत होती की फ्रेल म्हणजे संपलात असं नव्हे, अंगातली शिल्लक कमी झालीय, पडलात-झडलात तर सावरणं जड जाईल, पण व्यायामाने ती भरून निघते. ऐकलं नाही. तापलो होतो.

२३ एप्रिल
संकल्प : बुद्ध पौर्णिमेपर्यंत रोज चालणं आणि बैठका. सगळ्यांची तोंडं बंद करतो. पौर्णिमेला शांती नगरच्या हॉलमध्ये वंदना मीच घेतो, सगळ्यांच्या पुढे, जमिनीवर. मी प्रणामाला कपाळ टेकवलं की हॉल टेकवतो, मी उठलो की हॉल उठतो. माझ्याआधी कोणी डोकं वर काढत नाही, अशी आमच्याकडची रीत. हे काढून घेतलं तर उरतं काय माझ्याकडे? पेन्शन आणि गोळ्या.

२४ एप्रिल
चाललो. रस्त्याच्या मध्यावर असतानाच सिग्नल सुटला. हॉर्नवर हॉर्न. शेजारच्या हंसाबेनने दंड धरला, म्हणाली काका, संभाल के. मी हात झटकला. सिग्नल कमी वेळाचे लावतात, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

उद्यापासून कॉलनीतच चालणार.

२७ एप्रिल
मंडळाच्या गणेशचा फोन. म्हणे काका, यंदा खुर्चीवर बसून वंदना घ्या, वहिनींशी बोलणं झालंय. वहिनी म्हणजे आमची पंचशीला. कट आहे हा! मी पण सुनावलं. हॉलमध्ये एकही खुर्ची नको, मला नको आणि कोणालाच नको. गेल्या वर्षी माझ्याच वयाची चार डोकी मागे खुर्च्या टाकून बसली होती, पाहुण्यांसारखी. प्रणाम काय खुर्चीवरून करतात? सगळ्या खुर्च्या बाहेर.

३० एप्रिल
खरी नाजूक कोण असेल तर ती भीमा. बायको माझी, कधी बोलणार नाही. पण सकाळी चहा झाला की दिवाणावरून उठताना रोज म्हणते, अहो, हात द्या, उठवा मला. मी हात देतो. दोघं उठतो. तरी संध्याने तपासून तिला ठणठणीत ठरवली. मशीन बिघडलंय, म्हटलं ना.

४ मे
बैठका सुरू. पहिली घातली. वर येताना कपाटाची कडी धरली, ती हातात आली. हल्ली कपाटं असलीच.

पँटही सैल होतेय. कापड ताणलं गेलंय.

९ मे
संध्या पुन्हा हजर. म्हणे जमिनीवरून उठायची पद्धत असते, आधी एक गुडघा उभा करायचा, स्टुलावर हात ठेवायचा, चला करून बघू. करून बघू! मी लहान पोर आहे? रागाने बाथरूममध्ये गेलो आणि ती जाईपर्यंत बाहेर आलो नाही. कमोडवरून उठायलाही थोडा वेळ लागला, पण तो रागामुळे.

१२ मे, सोमवार, सकाळ
पौर्णिमा. पांढरा सदरा इस्त्रीचा. बैठकांचं पुढे जमलं नाही, पण अंगात मुळात आहे ते आहेच. आज कळेल सगळ्यांना.

१२ मे, दुपार
हॉल भरलेला. खुर्ची एकही नाही. पहिला प्रणाम झकास. दुसऱ्याला चटई सरकली. तिसऱ्याला कपाळ टेकवलं आणि गुडघ्यांनी संप पुकारला.

उठेचना! मंडळाने चटई असली घसरडी आणली होती की कोणीही अडकला असता. वेळ काढायला संघ वंदना पुन्हा सुरू केली. मग पुन्हा. मागे सगळा हॉल कपाळ टेकवून, कारण मी उठलो नव्हतो. माझ्या वयाचे ते चौघे कण्हू लागले, एक जण बुद्धाऐवजी आईचं नाव घेत होता. मला चटईचा, गणेशचा, संध्याचा असा संताप आला की घसा बसला.

तेवढ्यात कानावर भीमाचा आवाज. मोठ्याने म्हणाली, अहो, हात द्या, उठवा मला. एवढ्या लोकांत! पण मी हात दिला. उठवलं तिला. मी उठलो तसा हॉल उठला. साधु, साधु, साधु. गणेशला गहिवरून आलं, म्हणाला काका, काय ही श्रद्धा! त्या चौघांना मात्र पोरांनी बखोट्याला धरून उचललं. नाजूक माणसं.

१३ मे
चहा झाला. भीमा म्हणाली, अहो, हात द्या, उठवा मला.

हात दिला आणि सहज मान वर करून पाहिलं. भीमा दिवाणावर नव्हती. समोर उभी होती, पाय रोवून.

काल हॉलमध्येही मी हात वरच दिला होता. उभीच होती ती.

भयंकर राग आला. कोणावर काढावा कळेना. ती कप उचलून आत गेली.

पंचशीलाला म्हटलं, संध्याला बोलाव. भीमाला उठवायला माझा जोर कमी पडतोय.