खडकात मुरलेलं औषध

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. इथलं माळरान इतकं सपाट की कितीही चाललं तरी जागचं हललेच नाही असं वाटतं. काल तेलविहिरीला औषध पाजलं. तेलाबरोबर खारं पाणी वर येतं आणि नळीत पांढरा दगड धरतो, किटलीत क्षार धरतात तसा. म्हणून औषध खोल खडकात ढकलायचं, विहिरीचं तोंड बंद करायचं आणि गप्प बसायचं. ते खडकाला चिकटतं, मग महिनोन्‌महिने पाण्यात थोडं थोडं सुटत राहतं आणि दगड धरू देत नाही.

विहीर बंद असली की उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पडतात. लवंगी माझ्या मांडीवर असते. मी जरा उठले की ती तुझ्या मांडीवर.

तीन वर्षांची पोर तुझ्याकडे टाकून आले. ती मला विसरेल का गं? फोन दिला की पळून जाते. ‘ती खेळतेय’ म्हणत तू पांघरूण घालतेस, कळतं मला. खरं काय ते लिही.

माझ्या वाट्याचा लोभही तिलाच दे.

तुझी धाकटी

ता. २० मे

चि. धाकटीस अ. आ.

विचारलंस म्हणून उशिरा का होईना लिहिते. लवंगी आताशा तुझं नाव काढत नाही. परवा तिने मला आई म्हणून हाक मारली. मी ओ दिली नाही. तुझे भावजी म्हणाले हे कळवू नकोस. ऐकेन तर मी कसली.

पण काल दुपारी अंग मोडून आलं म्हणून पडले होते. लवंगी आली, माझ्या कपाळावर हात ठेवला, मग स्वतःच्या, आणि माझा अंगठा धरून बसून राहिली. तू तिच्या तापात बसायचीस, अगदी तशी. कोणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, कोणी नाही, मला येतंच.

वेळेवर जेवत जा. वाळून चिपाड झालीस तर मीसुद्धा ओळखणार नाही. माया आहे तशीच आहे.

ताई

ता. २ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग चिपाडावर हसले. आम्ही वर आलेल्या पाण्यात औषध किती उतरतंय ते तपासत असतो. पार संपेपर्यंत कोणी थांबत नाही. थोडं येतंय तोवरच पुन्हा भरायचं असतं. साहेबांना हेच सांगितलं. ते म्हणाले, विहिरीत अजून पुष्कळ आहे. मी म्हटलं, मी रजेचं बोलतेय.

रविवारी पोचते. लवंगी मला मावशी म्हणाली तर तिला टोकू नकोस. मी ओ देईन.

बाकीचा लोभ समोरासमोर.

धाकटी