साहेबाच्या पत्राचं उत्तर

अण्णा,

तुमचा साहेब आता माझ्या मोबाइलवर आला आहे. त्याची सगळी पत्रं कोणीतरी फोटो काढून ठेवली आहेत, त्यानं लिहिलेली आणि त्याला आलेली, दोन्ही. ज्यांच्यासाठी तुम्ही अख्खी मे महिन्याची सुट्टी मुंबईच्या ग्रंथालयात मायक्रोफिल्मच्या यंत्रात डोळे घालून काढलीत, ती पत्रं मी गेले दोन महिने मसोलीच्या आपल्या घरी झोपाळ्यावर बसून वाचते आहे. हाताशी चहा असतो, नरपडहून आलेले चिकू असतात. तुम्हाला आधी माझा हेवा वाटला असता आणि मग तुम्ही मला झोपाळ्यावरून उठवून स्वतः वाचत बसला असतात.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला एक विलायती मंत्री डहाणूच्या इतिहासाच्या मास्तरांच्या घरात इतका रुळावा, याचं मला आजही हसू येतं. तुमचा पीएचडीचा प्रबंध त्याच्या पत्रव्यवहारावर होता, पण आईला नि मला तो शेजारच्या बिऱ्हाडातलाच वाटायचा. एकाच पत्रात इजिप्तचा बंदोबस्त, बर्लिनमधली गडबड, हिंदुस्थानला किती द्यावं आणि किती हातचं राखावं याचा खल, आणि मध्येच स्वतःचा दुखरा गुडघा. तुम्ही पेन्सिलीनं उतरवून आणायचात आणि मी जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर शाईनं पक्की प्रत करायचे; ती झाली की पेन्सिलीचा कागद बंबात जायचा. वर उजव्या कोपऱ्यात फाइलचा नि पानाचा नंबर, ही तुमची सक्त ताकीद. जगभरच्या गावांची नावं त्या पत्रांत यायची, आपल्या भागाचं मात्र एकदाही आलं नव्हतं. तुम्ही ते हसत सांगायचात, पण तुम्हाला ते लागतं हे मला कळायचं.

साहेबाला आलेली उत्तरं तुमच्या हाती फार थोडी लागली होती. म्हणून रविवारी दुपारी जेवणं झाली की स्वयंपाकघरात आपला उद्योग चालायचा. तुम्ही साहेबाचं पत्र मराठीत वाचून दाखवायचात आणि आम्ही त्याचं हरवलेलं उत्तर लिहायचं. आई व्हाइसरॉय व्हायची. तिचं एक उत्तर मला अजून पाठ आहे: "पत्र पोचलं. इथे सगळं ठीक नाही, पण तुम्ही तिथे बसून काय करणार? गुडघ्याला तेल लावा." तुम्ही ठसका लागेपर्यंत हसला होतात. माझं उत्तर वाचून मात्र तुम्ही "हं, ठीक" म्हणायचात. तुमचं कौतुक तेवढ्यावरच भागायचं, शाळेत आणि घरीही.

मी पंधरा वर्षांची असताना एका पत्राची पाळी आली. साहेबानं मुंबई इलाख्यातल्या एका गोऱ्या अंमलदाराला विचारलं होतं, जिल्ह्यांतले लोक काय म्हणतात? त्याच आठवड्यात तलासरीकडून भाजी घेऊन येणारी बाई आईपाशी बसून आपल्या सासऱ्याचं सांगत होती. इंग्रजांच्या काळात जमीनदार त्याला वेठीला धरून न्यायचा. तिथली लावणी फुकट उरकून तो घरी येईपर्यंत त्याच्या स्वतःच्या खाचरातली रोपं पिवळी पडलेली असायची. मी ते डहाणू-तलासरीच्या नावांसकट उत्तरात जसंच्या तसं घातलं, आणि त्या खेपेला मराठीत नाही, इंग्रजीत लिहिलं. इतकी पत्रं उतरवून साहेबी इंग्रजी माझ्या हातात बसलं होतं, शेवटच्या "आपला आज्ञाधारक"सकट. तुम्हाला चकित करायचं होतं. पण त्या रविवारी पाहुणे आले, वाचन राहिलं, आणि कागदही राहून गेला. पुढे दिवाळीच्या साफसफाईत आईनं खरे कागद आणि आपले खेळातले कागद एकाच पिशवीत भरले.

थंडीचे दिवस आहेत. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात आणि तुमच्या हातात तो कागद आहे.

"अगं, डहाणू सापडलं," तुम्ही आईला म्हणता. "घाईत मीच उतरवून आणलं असणार, आणि माझ्याच ध्यानात राहिलं नाही." उभ्यानंच सगळं वाचून दाखवता. रोपं पिवळी पडल्याच्या ओळीवर थांबता. "या माणसाला डोळे होते," म्हणता, आणि ती ओळ पुन्हा वाचता. आईची तव्यावरची भाकरी करपते आणि तुम्हाला वाससुद्धा येत नाही. मग तुमची नजर उजव्या कोपऱ्याकडे जाते.

"पत्र उतरवलंस आणि नंबर सोडलास? नंबर नाही तर पत्र नाही. किती वेळा सांगितलंय तुला?"

मी मान खाली घालून म्हणते, "चुकलं, अण्णा."

त्या कागदावर तुम्ही एक अख्खं प्रकरण बांधलंत. शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटलेत. मग तुमच्या मार्गदर्शकांनी आधार मागितला. तुम्ही चार वेळा रजा टाकून मुंबईला गेलात, सगळ्या फिल्म पुन्हा चाळल्यात, आणि चौथ्या खेपेनंतर ते प्रकरण स्वतःच्या हातानं प्रबंधातून काढून टाकलंत. ज्याचा आधार दाखवता येत नाही ते छापायचं नाही, एवढंच म्हणालात. उरलेल्या प्रकरणांवर पदवी मिळाली, पण त्या शोधाशोधीत वर्ष गेलं. पदवीचं पत्र आलं त्या दिवशी तुम्ही मला शाईचं पेन आणून दिलंत, लेखनिकाला भेट म्हणून. ते हातात घेताना तरी मी बोलायला हवं होतं. शेवटच्या आजारपणातही तुम्ही सांगत होतात की ते पत्र तिथेच कुठेतरी आहे, तुम्हालाच सापडलं नाही.

ते तिथे नाही, अण्णा. ते मी लिहिलं होतं. त्या अंमलदाराचं खरं उत्तर मला परवा सापडलं, नंबरासकट. पाऊण पान बदकांच्या शिकारीचं आहे आणि खाली एकच ओळ, जिल्ह्यांत सगळं शांत आहे. डहाणू नाही, तलासरी नाही. मी झोपाळा थांबवून मोठ्यानं हसले, आणि मग थोडी रडले. भाजीवाल्या बाईचा सासरा साहेबापर्यंत कधी पोचलाच नाही. पोचला तो तुमच्यापर्यंत, तेही माझ्या लबाडीमुळे.

मी पुढे तलासरीच्या तहसील कचेरीत नोकरीला लागले हे तुम्ही पाहिलंत, पण मला मिळालेलं आवक-जावकचं टेबल पाहायला तुम्ही राहिला नाहीत. पाड्यांवरून माणसं अर्ज घेऊन यायची, वनजमिनीचे, रेशनचे, रस्त्याचे. उजव्या कोपऱ्यात नंबर घातल्याशिवाय मी एकही कागद पुढे सरकवला नाही, आणि तोच नंबर चिठ्ठीवर लिहून अर्जदाराच्या हातात द्यायचे. साहेबलोक म्हणायचे, बाई फार काटेकोर आहेत. लोक मात्र ती चिठ्ठी जपून ठेवायचे आणि महिन्यांनी परत आले तरी काढून दाखवायचे. माझी सगळी नोकरी त्या टेबलावर झाली आणि मी तिथे सुखात होते. हे तुम्हाला कळायला हवं होतं.

हे पत्र तुमच्याच पेनानं लिहिलंय. तुमच्या प्रबंधाची प्रत कपाटात आहे. ते प्रकरण काढलंत त्या जागी हे पत्र ठेवून देईन. एकच गोष्ट राहिली. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुमच्या धाकानं गप्प बसले. ते खरं नाही. नंबर नाही म्हणून तुम्ही रागावलात ते नंतर. त्याच्या आधी मला बोलायला पुष्कळ वेळ होता. तुम्ही ती ओळ दुसऱ्यांदा वाचत होतात, आणि मला वाटत होतं, तुम्ही ती तिसऱ्यांदा वाचावी.