शहाण्णव टक्के मोटार

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे मजेत आहेत. (मी सोडून. पण ते पुढे येईलच.)

आमच्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत एक नवा प्रोग्राम आलाय. आम्ही त्याला ‘पंच’ म्हणतो. मेकॅनिकांनी आपला अंदाज सांगायचा, त्याची खात्री किती तेही सांगायचं, मी ते कॉम्प्युटरात भरायचं आणि सगळ्यांच्या साक्षी मिळून पंचाने निकाल द्यायचा. सोमवारी एका सहामजली इमारतीतली लिफ्ट बंद पडली. तीन मेकॅनिकांनी तीन वेगळे फोन करून सांगितलं, मोटार गेली, पंचाहत्तर टक्के तरी. पंचाने तिघांचं मिळून (बेरीज नव्हे गं, काहीतरी गहन असतं) शहाण्णव टक्के काढले. साहेब खूश. चार माणसांनी घाम गाळत मोटार गच्चीवरून खाली आणली, तर ती ठणठणीत! तळमजल्याच्या दाराच्या खाचेत कोटाचं एक बटण अडकलं होतं, बस्स.

साहेबांनी चौकशी माझ्याकडे दिली. तिसऱ्या मेकॅनिकाने दुसऱ्याकडून ऐकलेलं, दुसऱ्याने पहिल्याकडून, आणि पहिला म्हणाला, “अहो, तुम्हीच नाही का चहा पिताना म्हणालात, मोटार असेल बुवा?” म्हणजे माझंच बोलणं तीन तोंडांतून फिरून, टक्के लावून माझ्याकडे परत आलं आणि मी त्याला मान डोलावली! शिक्षा म्हणून मोटार परत चढवायला मलाही लावलं. कंबर अजून बोलतेय.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा लाडका (असं तूच म्हणायचीस),
भाचा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तुझ्या शिवणक्लासला येते ना, ती चष्म्याच्या दुकानातली? तिचं माझ्यावर मन आहे असं आई म्हणते, दादा म्हणतो, वहिनीही म्हणते. त्या जोरावर मी रविवारी तिला लग्नाचं विचारणार होतो. पण मोटार चढवताना चौथ्या मजल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईला दादाने सांगितलं, दादाला वहिनीने, आणि वहिनीला मी! माझ्याजवळ पुरावा एवढाच, की तिने मला दोनदा डोळे तपासायला बोलावलं. (नंबर खरंच वाढलाय.) मावशी, ती मला फार आवडते गं, आणि आता भीती वाटते. रविवारच्या आत तिला तूच सरळ विचार. जे असेल ते कळव.

ता. ता. क. पाकीट चिकटवणार तोच आई आनंदाने सांगत आली, की मुलगी तयार आहे असं तूसुद्धा काल फोनवर म्हणालीस. मावशी, तुला माझी शपथ, हे तुला कोणी सांगितलं?