मावशीच्या हाताचा गुण

एर्मेक,

उठलास की आधी हे वाच, मग आईंच्या खोलीत जा. मी मटण आणायला बाजारात गेलेय. तुझ्या मावशी आज जेवायला येतायत, माझ्यासाठीच.

परवा बिश्केकला मी बहिणीकडे नव्हते गेले. थायरॉइडसाठी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. तुला सांगितलं असतं तर म्हणाला असतास, "मावशीला काय वाटेल?" बाईंनी विचारलं, आधी औषध कुणाचं? सासरच्या थोरांचं नाव मी सून कशी घेणार! म्हटलं, "नवऱ्याच्या मावशी, नारीनच्या दवाखान्यातल्या डॉक्टर." तर त्या हसल्या. "अगं, त्यांनीच तर मला शिकवलं!" आणि माझ्यासमोरच मावशींना फोन लावला. आता जाऊ कुणाकडे, सांग.

मावशी वाईट नाहीत रे. पण दोन वर्षं रक्त तपासलं नाही. गळ्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "मूल झालं की सगळं ठीक होईल." गोळी उपाशीपोटी घ्यायची, तर आई उठल्याउठल्या दुधाचा चहा पुढे करतात. नको म्हटलं की सून माजली. केस मुठीने गळतायत, बसल्या जागी डोळा लागतो, तर म्हणे मी आळशी.

कणीक झाकून ठेवलीय. चहा मीच ओतेन, वाकून, हसून. मावशी तुला विचारतील, "माझ्या हाताला गुण नाही का रे?" मला तिथे तोंड उघडता येणार नाही. तू तेवढा ताटात बघत बसू नकोस.

नुरझात