रेषेमागचा बांध

५ जानेवारी, सोमवार
व्हॉलीबॉलची विभागीय ढाल पुन्हा आपली. सलग सातव्यांदा. अंतिम सामना सरळ तीन सेटमध्ये. मुलींनी मला उचलायचा प्रयत्न केला, चौघींना जमलं नाही, सोडून दिलं. कॉलेजच्या जिमखान्याच्या कपाटावर जागा उरलेली नाही. सर्वांत जुनी ढाल खाली उतरवली.
पेणहून परतताना गाडीतच साप्ताहिकासाठी दीडशे शब्द लिहिले. रोहा यायच्या आत बातमी गेली पाहिजे, ही सवय पंचवीस वर्षांची.
मेअखेर निवृत्ती. त्याआधी आंतरविभागीय स्पर्धा. मुंबईत, हॉलमध्ये, ३ फेब्रुवारीपासून. सहा वर्षं तिथं पहिल्याच सामन्यात हरून परत येतोय. या वर्षी नाही. लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

७ जानेवारी, बुधवार
गेल्या वर्षीच्या हॉलमधल्या सामन्याचं चित्रण मिळालं. एका पालकांनी मोबाइलवर घेतलेलं, अर्धा वेळ पुढच्या बाईंचा अंबाडाच दिसतो. आवाज बंद करून पाहिलं.
आजवर मी कारणं देत आले: तिथले दिवे, लाकडी जमीन, त्यांच्या मुलींची उंची. आज वेगळंच दिसलं. आपल्या ब्लॉकला लागून बॉल मागे उडतो, मुलगी धावते, शेवटच्या रेषेपाशी थांबते. बॉल तीन पावलं मागे अलगद पडतो, गुण त्यांना. असे अकरा बॉल. एकीनेही रेष ओलांडली नाही. आणि शेवटचा सेट आपण दोन गुणांनी हरलो होतो.
हे म्हणाले, "दमल्या असतील." दमलेली मुलगी अशी थांबत नाही. या भिंत आल्यासारख्या थांबतात.

८ जानेवारी, गुरुवार
मानसीला विचारलं. आमची लिबेरो, मागची सगळी फळी तिच्यावर. गडब गावची.
"रेषेवर का थांबलीस?"
"मागं बांध असतो ना, मॅडम."
"हॉलमध्ये कसला बांध?"
"नाय. पण पायांना काय माहीत?"
बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. गडबच्या चौघी भात कापलेल्या खाचरात खेळायला शिकल्या. रेषेमागे दीड पावलावर बांध. त्यावर पडलं की घोटा गेलाच. कॉलेजच्या मैदानावर एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला कंपाउंडची भिंत. विभागातली सगळी मैदानं अशीच, म्हणून विभागात आपण जिंकतो. "रेष सांभाळ, पाय सांभाळ" असं पंचवीस वर्षं ओरडत कोण होतं? मीच. मुली शिकवलेलं चोख शिकल्या.

१० जानेवारी, शनिवार
मागे मोकळी जागा असलेलं मैदान हवं. डोलवीच्या कारखान्याला विचारलं, तिथे शिफ्टवाल्यांचे सामने चालू आहेत. शाळेच्या मैदानावर स्नेहसंमेलनाचा मांडव. उरलं गडबचंच खाचर.
मानसीचे वडील रामदास एका शब्दात तयार. "बांध काढा की. माझाच हाय." उद्या सकाळी सातला, फावडी त्यांची. सुटला प्रश्न.

११ जानेवारी, रविवार
सुटला नाही.
हातभर बांध फोडून झाला होता. पलीकडून रामदासचे थोरले भाऊ हिराजी आले. पलीकडचं खाचर त्यांचं, त्यात वाल उभा आहे. ओरडले नाहीत. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. बांध कधी एका घराचा असतो?"
बारा वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा गावच्या पंचांनी घातलेला बांध. अर्धा याचा, अर्धा त्याचा. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नाही. मध्ये मानसी.
"मानसी, तुझ्या बापाला सांग, फावडं खाली ठेव."
रामदास चार हातांवर उभे. "मानसी, तुझ्या काकाला सांग, पोरींच्यासाठी चाललंय."
"त्याला सांग, माझ्या वालावर माती पडली."
"सांग, उचलतो."
मानसी दोघांकडे बघून म्हणाली, "मी खेळू का निरोप देऊ?"
फोडलेली माती आम्हीच परत भरली. चूक माझी. कुठल्याही मैदानावर आधी मालकाला विचारते. इथे अर्ध्याच मालकाला विचारलं.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
तिळगूळ घेऊन एकटीच हिराजींच्या घरी. त्यांनी तिळगूळ खाल्ला, म्हणाले, "हा घेतला. बांधाचं वेगळं."
माफी मागितली. मग अकरा बॉलची गोष्ट सांगितली. ऐकताना मान खाली.
"हारल्या किती गुणांनी?"
"दोन."
आतून त्यांच्या बायकोचा आवाज: "सांगा की त्यांना, तुम्ही पण खेळायचे."
"व्हय. त्याच खाचरात. वाटणी व्हायच्या आधी एकच होतं. रामदास बॉल उचलून द्यायचा, मी मारायचो. मागं पळायला ही जागा."
"मग?"
"मग काय. बघू."
आज तेवढंच. तरी परतताना पाय हलके होते. "नाय" म्हणाले नाहीत.

१८ जानेवारी, रविवार
निरोप आला, अर्थात मानसीकडून. मैदानापुरता बांध काढा. अटी तीन. बांधालगतचा वाल आधी तोडायचा, एक शेंग पायाखाली जाता कामा नये. दोन्ही टोकांना खुंट्या मारायच्या, म्हणजे मूळ जागा कळेल. आणि पावसाआधी आम्ही स्वतः, हाताने, परत घालायचा.
हिराजींनी समोरासमोर विचारलं, "तुम्ही तेव्हा रिटायर असाल."
"असेन. तरी येईन."
दोरी लावली. एक टोक रामदासच्या हातात, एक हिराजींच्या. "मानसी, तुझ्या बापाला सांग, डावीकडं घे." रामदासनी सांगायच्या आधीच घेतलं. अकरापर्यंत जमीन सपाट. तोडलेल्या शेंगा मडक्यात भरून संध्याकाळी पोपटी लावली. मडकं फोडायला... नाही, उपडं करायला मुलींची झुंबड. हिराजींनी पहिली मूठ मानसीला दिली, दुसरी तिच्या हातून रामदासकडे गेली, ते न बघितल्यासारखं केलं.

२० जानेवारी, मंगळवार
बांध गेला, तरी मुली थांबतात. सपाट जमिनीवर, काही नसलेल्या जागी. आज नऊ वेळा. वालाच्या खुंटांत उभी राहून मी बॉल फेकत होते आणि त्या मला बघून थांबत होत्या.
उपाय: रेषेमागे सहा पावलांवर पाण्याच्या बाटल्या ओळीने. बॉल मिळो न मिळो, बाटलीला हात लावूनच परतायचं.

२४ जानेवारी, शनिवार
थांबणं: सहा.
हिराजी उरलेल्या बांधावर बसून बघतात. आज एकीला म्हणाले, "थांबतेस काय गो? बांध मी काढलाय, तुला दिसतोय कुठं?"
या वाक्याने मी आठवडाभर केलं त्याहून जास्त काम केलं.

३१ जानेवारी, शनिवार
थांबणं: एक. ती मानसी. सगळ्यांत आधी शिकली ती खाचरात, सगळ्यांत शेवटी तीच विसरणार. काळजी नाही. दोन दिवस आहेत.

३ फेब्रुवारी, मंगळवार
जिंकलो. पहिला सामना, सात वर्षांत पहिल्यांदा.
नीट लिहिते. पहिला सेट गेला. दुसरा घेतला. तिसरा गेला, चौथा पुन्हा आपला. पाचवा, तेरा-तेरा. त्यांच्या उंच मुलीचा स्मॅश, आपल्या ब्लॉकला लागून बॉल मागे, उंच. मानसी वळून धावली. रेषेजवळ तिचं पाऊल आखूड झालं. मला दिसलं. मी हाक मारायच्या आत गॅलरीतून दोन आवाज, एकदम:
"पळ गो! बांध नाय!"
गडबहून टेम्पो आला होता. रामदास आणि हिराजी, मध्ये मानसीची आई.
ती गेली. खुर्च्यांच्या पायाशी, एका हाताने, बॉल वर. बाकीच्या दोन स्पर्शांत बॉल पलीकडे आणि त्यांच्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. चौदा. पुढची सर्व्हिस त्यांना उचलता आली नाही. पंधरा.
मुलींनी आज मला उचललं. सहाजणी लागल्या.
गॅलरीत गेले तेव्हा हिराजींचा घसा बसलेला. सवयीने म्हणाले, "मानसी, तुझ्या बापाला..." आणि थांबले. मानसी खाली मैदानावर होती, निरोप न्यायला कोणी नव्हतं. मानसीच्या आईनं दुसरीकडे तोंड केलं. मग पुढे बघतच म्हणाले, "रामदास, पाणी हाय का?"
रामदासनी बाटली दिली.
साप्ताहिकाला दीडशे शब्द गेले. बाटली त्यात नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार
सकाळ. दहाला उपांत्य फेरी. समोरचा संघ गेल्या वर्षीचा विजेता, उंच, शांत. आपण त्यांना हरवू शकतो. कालपासून मला हे नुसतं वाटत नाही, कसं ते दिसतंय.
हिराजी हॉलच्या दाराशी भेटले. "बांध कधी घालायचा?"
"मेच्या शेवटी. शब्द दिलाय."
"बघू. खुंट्या राहू द्या." रामदास शेजारी उभे होते. गेले नाहीत.
मानसी रेषेमागे पावलं मोजतेय. सात, मग पाहुण्यांच्या खुर्च्या. अजून दोन पावलं हवीत, म्हणते. मुली खुर्च्या सरकवायला निघाल्या होत्या. थांबवलं. आधी कुणाच्या आहेत ते विचारायला गेले. आयोजक म्हणाले, अर्ध्या हॉलच्या, अर्ध्या मंडपवाल्याच्या, दोघांना विचारावं लागेल.
दोघांनाही विचारा म्हटलं. मी इथेच उभी आहे. दहाला अकरा मिनिटं.